व्याजदर स्वॅप : करार मोडतानाचा हिशेब

१० मार्च २०२५ रोजी इंडसइंड बँकेने शेअर बाजारांना कळवले की तिच्या डेरिव्हेटिव्ह व्यवहारांच्या, म्हणजे व्याजदर किंवा चलनाच्या दरावर मूल्य अवलंबून असणाऱ्या करारांच्या, हिशेबात विसंगती आढळली असून तिचा परिणाम डिसेंबर २०२४ अखेरच्या नक्त मूल्याच्या सुमारे २.३५ टक्के इतका असेल. दुसऱ्याच दिवशी बँकेचा शेअर सुमारे २७ टक्क्यांनी कोसळला. एप्रिल संपता संपता मुख्य कार्यकारी अधिकारी आणि उपमुख्य कार्यकारी अधिकारी या दोघांनीही राजीनामे दिले आणि मार्चअखेरच्या हिशेबात सुमारे १,९६० कोटी रुपयांचा भार नफा-तोटा पत्रकावर पडला. नोंदणीकृत कार्यालय पुण्यात आणि कारभार मुंबईत असलेल्या या बँकेत महाराष्ट्रातल्या असंख्य कुटुंबांच्या ठेवी आहेत, त्यामुळे मराठी वृत्तपत्रांतही या बातमीला भरपूर जागा मिळाली. चर्चा झाली ती प्रामुख्याने कोणाला काय कधी माहीत होते आणि कोणी शेअर कधी विकले याची. ती व्हायलाच हवी होती. पण बाहेरच्या तपासणी संस्थेच्या अहवालाच्या आधारे बँकेने स्वतः जे मूळ कारण जाहीर केले, त्याकडे मात्र फारसे कोणी वळून पाहिले नाही. बँकेचे म्हणणे असे की अंतर्गत डेरिव्हेटिव्ह व्यवहारांची नोंद चुकीची होत होती, विशेषतः ते मुदतीपूर्वी संपवले गेले तेव्हा, आणि त्यातून केवळ कागदावरचा नफा दाखवला गेला.

माझ्या मते या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे जे आहे ते या मुदतीपूर्वी संपवलेल्या करारांतच आहे, आणि ते एका बँकेपुरते नाही. व्याजदराच्या चढउतारापासून बचाव करण्यासाठी (यालाच हेज म्हणतात) एखादी कंपनी स्वॅपचा, म्हणजे बदलत्या आणि स्थिर व्याजाच्या अदलाबदलीचा, करार करते आणि त्यासाठी हेज अकाउंटिंगची, म्हणजे बचावाचा व कर्जाचा हिशेब एकत्र जुळवण्याची, सवलत घेते, तेव्हा आपले लेखानियम तिच्याकडून बरेच काही लेखी मागतात : उद्दिष्ट काय, कोणत्या कर्जाचा बचाव, कोणत्या जोखमीपासून, परिणामकारकता कशी मोजणार. तोच करार मध्येच मोडून कंपनी बाहेर पडते तेव्हा त्याचे कारण तिला कोणी विचारत नाही. आरंभाला जेवढी लेखी शिस्त आहे तेवढीच शेवटालाही असली पाहिजे, आणि ती भागधारकाला व ठेवीदाराला वाचता येईल अशा ठिकाणी असली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

स्वॅप हा प्रकार मुळात अवघड नाही. चाकणमध्ये मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीने पाच वर्षांसाठी २०० कोटी रुपयांचे कर्ज घेतले आहे आणि त्याचा दर बाजारातल्या एका मानक दराशी जोडलेला आहे, म्हणजे मानक दर अधिक २ टक्के, असे समजू. ही कंपनी एखाद्या बँकेशी त्याच २०० कोटींच्या गृहीत मुद्दलावर वेगळा करार करते की कंपनी वर्षाला ६ टक्के स्थिर दराने व्याज देईल आणि बँक तिला मानक दराने व्याज देईल. मुद्दल कोणी कोणाला देत नाही, ठरलेल्या तारखांना फक्त फरक चुकता होतो. मानक दर ६.५ टक्के झाला तर कर्जावर १७ कोटी व्याज जाते, पण स्वॅपमधून १ कोटी येतात. दर ५ टक्क्यांवर आला तर कर्जाचे व्याज १४ कोटींवर येते आणि स्वॅपवर २ कोटी द्यावे लागतात. दोन्ही वेळा कंपनीचा खर्च १६ कोटीच राहतो. दर उतरल्याचा लाभ सोडून देऊन तिने दर चढण्याची भीती घालवलेली असते, आणि ज्या कारखान्याला पुढच्या पाच वर्षांच्या मागण्यांचे दर आजच मोठ्या वाहन कंपन्यांशी ठरवून द्यावे लागतात, त्याच्यासाठी हा सौदा शहाणपणाचा असतो.

भारतात रिझर्व्ह बँकेने जुलै १९९९ मध्ये अशा करारांना परवानगी दिली. त्याआधीच्या वर्षी राष्ट्रीय शेअर बाजाराने मुंबईतल्या बँकांच्या परस्पर उसनवारीवर आधारलेला मायबोर हा दर जाहीर करायला सुरुवात केली होती, आणि रुपयातल्या स्वॅप बाजाराचा मोठा भाग आजही त्याच्याभोवतीच फिरतो. इथे एक खरी अडचण आहे. आपल्या कंपन्यांची कर्जे बहुधा मायबोरशी जोडलेली नसतात. कोणाचे कर्ज एमसीएलआर या बँकेच्या स्वतःच्या निधीखर्चावरून ठरणाऱ्या दराशी, कोणाचे रेपोशी, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने देते त्या दराशी, तर कोणाचे तीन महिन्यांच्या ट्रेझरी बिलाशी, म्हणजे सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्याच्या दराशी, बांधलेले असते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा रेपोशी बांधलेली कर्जे पुरती अडीच टक्क्यांनी महागली. एमसीएलआर मात्र सावकाश आणि कमी चढला. मायबोरवरचा स्वॅप घेऊन एमसीएलआरच्या कर्जाचा बचाव करू पाहणाऱ्या कंपनीच्या हातात त्यामुळे पूर्ण न जुळणारे संरक्षण येते आणि कर्ज व स्वॅप यांच्यातली तफावत तिला स्वतःच सोसावी लागते. हेज हे शंभर टक्के संरक्षण असते, या गैरसमजातून पुढची बरीच दिशाभूल जन्म घेते.

आता हिशेबाकडे वळू. करार झाला त्या दिवशी स्वॅपचे मूल्य जवळपास शून्य असते. वर्षभरात दर एका टक्क्याने उतरले आणि पुढेही तिथेच राहतील असे बाजाराला वाटू लागले, तर चाकणच्या आपल्या कंपनीला उरलेल्या चार वर्षांत दरवर्षी २ कोटी जादा द्यावे लागणार. त्यांचे आजचे मूल्य सुमारे ७ कोटी होते. इंड एएस १०९ या लेखामानकाप्रमाणे स्वॅप ताळेबंदात वाजवी मूल्यानेच दाखवावा लागतो, त्यामुळे हे ७ कोटी देणे म्हणून येतात आणि एरवीच्या नियमाने तेवढाच तोटा त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा होतो. याच काळात कर्जावरचे व्याजही दरवर्षी २ कोटींनी हलके होणार असते, पण तो लाभ अजून घडलेला नसल्यामुळे हिशेबात कुठेच दिसत नाही. जोखीम कमी करणारी कंपनी अशा वेळी कागदावर अधिक अस्थिर दिसते आणि काहीही न करता बसून राहिलेली कंपनी स्थिर दिसते.

हा अन्याय दूर करण्यासाठी हेज अकाउंटिंग आहे. बदलत्या दराच्या कर्जाच्या बाबतीत स्वॅपच्या मूल्यातल्या बदलाचा परिणामकारक भाग नफा-तोट्यात न घेता रोखप्रवाह हेज राखीव या नावाने भागभांडवलाच्या गटात ठेवला जातो आणि कर्जाचे व्याज जसजसे पडते तसतसा तिथून काढून त्या व्याजाशी जोडला जातो. स्थिर दराच्या कर्जाच्या किंवा रोख्याच्या मूल्याचा बचाव असेल, तर स्वॅपबरोबर त्या कर्जाचे वा रोख्याचे मूल्यही त्या जोखमीपुरते बदलून दोन्ही बदल एकत्रच नफा-तोट्यात घेतले जातात. दोन्ही मार्ग योग्य आहेत. सगळे काही बाजारभावाने थेट नफ्यात घ्या आणि ही सवलतच काढून टाका, असे म्हणणारा एक कडवा पक्ष लेखाशास्त्रात आहे. मला त्यांचे म्हणणे पटत नाही, कारण त्यांच्या नियमाखाली ज्या कंपनीने खरोखरच आपला व्याजखर्च बांधून घेतला आहे तिच्याच नफ्यात दर तिमाहीला हेलकावे दिसतील, आणि ते टाळण्यासाठी कंपन्या हेज करणेच सोडून देतील.

सवलत योग्य असली तरी ती सवलत आहे, हे विसरून चालणार नाही. कंपनीला ती स्वेच्छेने घेता येते, म्हणूनच तिच्यासाठी अटी असतात. पूर्वीच्या आंतरराष्ट्रीय मानकात हेजची परिणामकारकता ८० ते १२५ टक्क्यांच्या पट्ट्यात राहणे बंधनकारक होते. आता तो आकड्यांचा पट्टा गेला असून हेज आणि कर्ज यांच्यात आर्थिक संबंध आहे का, पतजोखीम त्या संबंधावर मात करते का आणि दोघांचे प्रमाण खऱ्या व्यवहाराशी जुळते का, हे पाहिले जाते. हे सारे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे लागते. मागाहून, निकाल पाहून, हा स्वॅप त्या कर्जासाठी होता असे म्हणण्याची सोय नाही. या पहिल्या दिवसाच्या कागदाला इतके महत्त्व का, हे समजून घ्यायला जनरल इलेक्ट्रिकचे उदाहरण पुरेसे आहे.

अमेरिकेतली ही कंपनी आपल्या वित्त विभागासाठी कमर्शियल पेपर, म्हणजे अल्पमुदतीची कर्जपत्रे, विकून सतत पैसा उभा करी आणि त्याच्या बदलत्या खर्चापासून बचावासाठी स्थिर दर देणारे स्वॅप घेई. हेज होते भविष्यात विकल्या जाणार असलेल्या कागदांचे. २००२ च्या अखेरीस असे दिसले की प्रत्यक्षात बाजारात असलेल्या कमर्शियल पेपरपेक्षा स्वॅपच जास्त झाले आहेत. ज्या जादा स्वॅपांना आता कोणतेच कर्ज उरले नव्हते त्यांचा तोटा, सुमारे २० कोटी डॉलर, नफ्यातून वजा करणे भाग होते. जानेवारी २००३ मध्ये कंपनीने हेज मोजण्याची पद्धत बदलून हा भार टाळला, असे अमेरिकी रोखे व विनिमय आयोगाचे म्हणणे होते. ऑगस्ट २००९ मध्ये, या आणि इतर काही हिशेबी आरोपांसाठी, कंपनीने आरोप मान्य वा अमान्य न करता ५ कोटी डॉलर दंड भरला. म्हणजे नेमके हेजचा शेवट आला तेव्हाच, तोटा मान्य करण्याची वेळ आली तेव्हाच, कागद बदलले गेले. त्याच काळात फ्रेडी मॅक या गृहकर्ज संस्थेला आपले जुने हिशेब फिरवावे लागले आणि २००० ते २००२ या वर्षांचा नफा सुमारे ५ अब्ज डॉलरने वाढला. तिने नफा फुगवला नव्हता, दाबून ठेवला होता. तिला वर्षानुवर्षे सारखी, गुळगुळीत वाढ दाखवायची होती आणि डेरिव्हेटिव्हच्या नोंदी त्यासाठी हाताशी होत्या.

अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेची गोष्ट यापेक्षा गंभीर आहे, कारण तिथे नियम मोडला गेला असे कोणी म्हणत नाही. २०२१ च्या अखेरीस या बँकेकडे आपल्या रोख्यांच्या मूल्याचा बचाव करणारे सुमारे १०.७ अब्ज डॉलर गृहीत मुद्दलाचे स्वॅप होते. २०२२ च्या अखेरीस ते ५५ कोटी डॉलरवर आले. मधल्या त्याच वर्षात फेडरल रिझर्व्ह ही अमेरिकेची मध्यवर्ती बँक दर झपाट्याने वाढवत होती, म्हणजे ज्या संकटासाठी हे संरक्षण घेतले होते ते संकट प्रत्यक्ष दारात असताना बँकेने ते सोडून दिले. दर चढल्यामुळे स्वॅप नफ्यात होते, ते मोडून पैसे घेता येत होते आणि स्थिर दराचा हप्ता वाचल्याने चालू उत्पन्नही चांगले दिसत होते. एप्रिल २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेडरल रिझर्व्हच्या स्वतःच्या आढाव्यात स्पष्ट लिहिले आहे की बँकेचे लक्ष अल्पकालीन नफ्यावर आणि दर उतरण्याच्या शक्यतेपासून बचावावर होते आणि तिने दर चढण्यापासूनचे हेज काढून टाकले. ८ मार्च २०२३ रोजी तिने २१ अब्ज डॉलरचे रोखे १.८ अब्जांच्या तोट्यात विकल्याचे जाहीर केले, ९ मार्चला एका दिवसात ४२ अब्ज डॉलरच्या ठेवी बाहेर गेल्या आणि १० मार्चला बँक बंद झाली.

हे हेज सगळे टिकवले असते तरी बँक वाचली असती, असा माझा दावा नाही. तिचा सर्वांत मोठा साठा, सुमारे ९१ अब्ज डॉलरचे रोखे, मुदतपूर्तीपर्यंत ठेवायचे या वर्गात होता. त्यांचा १५ अब्जांचा न नोंदलेला तोटा बँकेच्या संपूर्ण भांडवलाच्या जवळपास होता. आणि अमेरिकी नियमांप्रमाणे या वर्गातल्या रोख्यांच्या व्याजदर जोखमीसाठी हेज अकाउंटिंग करताच येत नाही, कारण रोखा शेवटपर्यंत ठेवायचाच आहे तर त्याच्या मधल्या मूल्याची चिंता कशाला, असा त्या नियमामागचा तर्क आहे. परिणामी बँकेने या रोख्यांवर स्वॅप घेतला असता तर स्वॅपचे हेलकावे थेट नफ्यात आले असते आणि रोख्यांचे मात्र आले नसते. हिशेबाच्या नियमाने इथे बचाव न करणाऱ्यालाच स्थिर दिसण्याची मुभा दिली. आपल्या इंड एएस १०९ मध्ये ही बंदी नाही, आणि याबाबतीत आपला नियम अमेरिकेपेक्षा सरस आहे असे मला वाटते.

पण दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे असलेला हेज मोडण्याच्या प्रश्नावर, आपली स्थितीही समाधानकारक नाही. इंड एएस १०९ म्हणते की उद्दिष्ट कायम असताना आणि अटी पूर्ण होत असताना कंपनीला केवळ मनात आले म्हणून हेज अकाउंटिंग बंद करता येणार नाही. वाचायला हे कडक वाटते. प्रत्यक्षात कंपनी स्वॅपच मोडू शकते, बँकेकडून पैसे घेऊन किंवा देऊन मोकळी होऊ शकते, आणि मग हेज आपोआप संपतो. कर्ज चालूच असेल तर राखीव गटात साठलेली रक्कम तिथेच राहते आणि उरलेल्या व्याजाबरोबर हळूहळू नफ्यात येते, हे खरे आणि ते योग्यही आहे, कारण त्यामुळे करार मोडून एका तिमाहीत नफा उचलता येत नाही. मात्र रोख रक्कम तर त्याच दिवशी हातात येते, आणि संरक्षण त्याच दिवशी जाते. पुढची तीन वर्षे कंपनीचा व्याजखर्च जुन्या स्वॅपच्या साठलेल्या नफ्यामुळे कमी दिसत राहतो, आणि वाचणाऱ्याला वाटते की हेज अजून काम करतो आहे.

इंड एएस १०७ प्रमाणे थांबवलेल्या हेजपोटी राखीव गटात उरलेली रक्कम टिपांमध्ये दाखवावी लागते. मी असे अनेक वार्षिक अहवाल वाचले आहेत. ती रक्कम बहुधा तिथे असते, एखाद्या मोठ्या तक्त्याच्या मधल्या ओळीत, एकाच आकड्यात. हेज का थांबवला, कर्ज फेडले म्हणून, दुसरे कर्ज घेतले म्हणून, की स्वॅपमध्ये नफा दिसत होता तो हवा होता म्हणून, हे त्या ओळीतून कळत नाही. निर्णय पैशाची व्यवस्था पाहणाऱ्या ट्रेझरी विभागाने घेतला की संचालक मंडळाच्या समितीने, हेही कळत नाही. आणि करार मोडल्यानंतर कंपनीच्या एकूण कर्जापैकी किती कर्ज आता उघडे आहे, हा भागधारकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आकडा वाचणाऱ्याला तीन-चार तक्ते जोडून स्वतः काढावा लागतो, आणि पुष्कळदा निघतच नाही.

इंडसइंडमध्ये घडले ते याहून वेगळे आहे, पण मूळ तेच. सार्वजनिकरीत्या समोर आलेल्या माहितीनुसार बँकेची परकी चलनातली कर्जे व ठेवी रुपयात आणण्यासाठी ट्रेझरीचा एक डेस्क बाहेरच्या बाजारात करार करी आणि त्याच रचनेचा करार बँकेच्या आतल्याच दुसऱ्या डेस्कशी होई. बाहेरचा करार बाजारभावाने मोजला जाई, आतला तसा मोजला जात नसे. एकाच संस्थेच्या दोन डेस्कांमधल्या करारात एकाचा नफा म्हणजे दुसऱ्याचा तोटा, त्यामुळे दोन्ही बाजू एकाच दिवशी सारख्या मापाने नोंदल्या तर बेरीज शून्य येते. एक बाजू आज नोंदली आणि दुसरी पुढच्या वर्षांवर टाकली, तर कोणताही बाहेरचा पैसा न येता नफा उभा राहतो. करार ठरल्या मुदतीपर्यंत चालला तर ही तफावत शेवटी आपोआप मिटते. मुदतीपूर्वी संपवला की मिटत नाही, आणि नेमक्या त्याच जागी वर्षानुवर्षे रक्कम साचत गेली. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या निर्देशांनंतर १ एप्रिल २०२४ पासून असे अंतर्गत व्यवहार बंद झाले, आणि ते बंद झाल्यावरच जुन्या व्यवहारांचा हिशेब काढताना तफावत उघड्यावर आली. मुदतीपूर्वी संपवलेल्या प्रत्येक करारामागे कारण आणि मंजुरी लिहिण्याची व लेखापरीक्षकाने ती वाचण्याची सक्ती आधीपासून असती, तर इतकी वर्षे हे चालले असते असे मला वाटत नाही.

लहान उद्योगांच्या बाबतीत करार मोडण्याचा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. ब्रिटनमध्ये २००८ च्या आर्थिक संकटाआधी बँकांनी हजारो छोट्या व्यावसायिकांना, हॉटेलवाले, दुकानदार, शेतकरी अशांना, कर्जाबरोबर स्वॅप व तत्सम करार विकले. मग दर जवळपास शून्यावर आले आणि हे व्यावसायिक चढ्या स्थिर दराला बांधले गेले. करार मोडायला गेल्यावर त्यांना कळले की मोडण्याची किंमत प्रचंड आहे, आणि ती विकताना कोणी समजावून सांगितलेली नव्हती. तिथल्या नियामकाने जानेवारी २०१३ मध्ये जाहीर केलेल्या चाचणी तपासणीत १७३ विक्रींपैकी ९० टक्क्यांहून अधिक विक्रींत किमान एका नियमाचा भंग आढळला, आणि अखेर बँकांना सुमारे २.२ अब्ज पौंड भरपाई द्यावी लागली. आपल्याकडे ऑक्टोबर २०१९ पासून सूक्ष्म व लघुउद्योगांची बदलत्या दराची नवी कर्जे बाह्य मानक दराशी बांधलेली आहेत. त्यांना दरवाढीचा फटका लगेच बसतो आणि स्वॅपची सोय बहुतेकांच्या आवाक्यात नाही. ती उद्या आवाक्यात आली तर मला आनंदच होईल. पण इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाला किंवा नाशिकच्या द्राक्षप्रक्रिया उद्योजकाला असा करार देताना, दर दोन टक्क्यांनी उतरले आणि करार मोडायचा झाला तर अमुक इतके रुपये द्यावे लागतील, हा आकडा मराठीत आणि सहीच्या पानावरच असला पाहिजे.

या मागणीवर तीन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला, हेज मोडण्याची कारणे जाहीर केली तर कंपनीचा व्याजदरांबद्दलचा अंदाज प्रतिस्पर्ध्यांना कळेल. मला हा आक्षेप स्वतःच्याच विरोधात जाणारा वाटतो. जी कंपनी दरांचा अंदाज बांधून हेज घेते आणि मोडते ती बचाव करत नसून सट्टा करत आहे, आणि सट्ट्याला हेज अकाउंटिंगची सवलत देण्याचे काहीच कारण नाही. शिवाय माहिती वर्षाअखेरीस, घडून गेल्यावर द्यायची आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. करार मोडण्याची अनेक कारणे रास्त असतात : कर्ज मुदतीआधी फेडले, प्रकल्प रद्द झाला, समोरच्या बँकेची पत घसरली. अशा कंपन्यांकडे विनाकारण संशयाने पाहिले जाईल, ही भीती खरी आहे. तिच्यावरचा उपाय माहिती कमी देणे हा नाही. कारण दोन वाक्यांत लिहिले की रास्त व्यवहार आणि नफा उचलण्यासाठी केलेला व्यवहार आपोआप वेगळे दिसतात, आज मात्र दोन्ही एकाच आकड्यात दडलेले असतात. तिसरा आक्षेप खर्चाचा. तो छोट्या कंपन्यांसाठी मान्य करून त्यांना सोपी पद्धत ठेवावी. मोठ्या कंपन्यांना मात्र आरंभाचा कागद करण्याचा खर्च परवडतो, तर शेवटचा अर्ध्या पानाचा कागद परवडत नाही हे पटण्यासारखे नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीपासून रेपो दर उतरू लागला आणि जूनपर्यंत ५.५० टक्क्यांवर आला. चढ्या दरांच्या काळात स्थिर दर देण्याचे करार केलेल्या कंपन्यांचे स्वॅप आता तोट्यात दिसत आहेत आणि संचालक मंडळांच्या बैठकांत, हा करार करायला कोणी सांगितले होते, असा प्रश्न विचारला जात असणार. हा प्रश्न चुकीचा आहे. हेज ज्या वर्षी तोट्यात जातो त्या वर्षी कर्ज स्वस्त झालेले असते, आणि दोन्ही एकत्र पाहिले तर कंपनीला हवे होते तेच मिळालेले असते. वित्त अधिकाऱ्याला अशा प्रश्नांना घाबरून करार मोडावासा वाटू नये, यासाठीही मोडण्याच्या निर्णयाला लेखी कारण लागणे उपयोगी आहे. जो निर्णय चार ओळींत समजावून सांगावा लागतो तो घाईत घेतला जात नाही.

प्रत्यक्षात बदल करायचा तर त्याची जागाही ठरलेली आहे. सूचिबद्ध कंपन्यांनी वार्षिक अहवालात कारभाराविषयी काय सांगायचे हे सेबीच्या सूचिबद्धता नियमांच्या पाचव्या अनुसूचीत लिहिलेले आहे. तिथे भागधारकांसाठीच्या सर्वसाधारण माहितीत वस्तूंच्या किमतींची जोखीम किंवा परकी चलनाची जोखीम आणि हेजिंगचे व्यवहार, असे एक शीर्षक आहे. व्याजदराचा त्यात उल्लेख नाही. बचावाविना उघड्या असलेल्या परकी चलनाच्या देण्यांबद्दल बँकांनी कर्जदार कंपन्यांकडून माहिती घ्यावी आणि जोखीम जास्त असेल तर वाढीव तरतूद करावी, अशी व्यवस्था रिझर्व्ह बँकेने बऱ्याच वर्षांपूर्वी केली. व्याजदराबाबत तशी व्यवस्था नाही. डॉलरच्या झळा आपण सोसल्या म्हणून डॉलरसाठी नियम झाले, आणि व्याजदराचा धोका हळू चढतो म्हणून तो मागे राहिला, असे मला दिसते. सेबीच्या त्या शीर्षकात व्याजदराची जोखीम घालावी. त्याखाली वर्षभरात मुदतीपूर्वी संपवलेल्या प्रत्येक मोठ्या हेजचे कारण, त्याला मंजुरी देणारी समिती, मिळालेली किंवा दिलेली रक्कम आणि त्यानंतर उघड्या राहिलेल्या कर्जाचे प्रमाण मागावे. सनदी लेखापालांच्या संस्थेने २००८ च्या मार्चमध्ये, गुंतागुंतीच्या डेरिव्हेटिव्ह करारांनी अनेक कंपन्या अडचणीत आल्या तेव्हा, न नोंदलेले तोटे दाखवा असे निवेदन काढून तातडीने हालचाल केली होती. तशीच एक सूचना लेखापरीक्षकांसाठी आता काढता येईल, की मुदतीपूर्वी संपवलेले करार नमुन्यादाखल न तपासता एकूण एक तपासावेत. यासाठी संसदेत कायदा आणावा लागत नाही. सेबीच्या मंडळाने मंजुरी देऊन अधिसूचना काढली आणि लेखापालांच्या संस्थेने आपली सूचना प्रसिद्ध केली, की पुढच्या आर्थिक वर्षाच्या अहवालांत हे आकडे येऊ शकतात.